धडा

रेक्सहॅमच्या दवाखान्यात बेथन नावाची नर्स
माझं वजन दगडांत सांगते.
बारा स्टोन, नऊ पौंड.
मी मनात म्हणते, अगं बाई,
आमच्या बाजारात भाजीवालीही पारड्यात दगड ठेवायची,
पण निदान वर दोन मिरच्या टाकायची.

बेथन वर काही टाकत नाही.
कागद देते. भात, कच्चा, माणशी साठ ग्रॅम.
तेल एक चमचा, सपाट.
सपाटखाली दोनदा रेघ.

सपाट चमचा माझ्या घरात नाही.
पळी आहे, पसा आहे, चिमूट आहे,
बेताचं आहे, चवीपुरतं आहे,
आणि दाण्याच्या कुटाला तर मापच नाही,
डब्यातून हात बाहेर येईल तेवढं.
उंबऱ्यावरचं तांदळाचं माप
पायाने लवंडून मी या संसारात आले.
ते कोणी उचलून पुन्हा भरल्याचं आठवत नाही.

जयवंतांनी काटा आणला, चौदा पौंडांना,
म्हणजे बरोबर एक स्टोन.
काचेचा, पापडाएवढा पातळ.
वाटी ठेवायची, बटण दाबायचं,
वाटी हिशेबातून नाहीशी. शून्य.
"हा तर धडा केला की!" मी म्हटलं.
आमचे नाना दुकानात असाच करायचे,
ग्राहकाच्या रिकाम्या डब्यासमोर खडे ठेवून.
आणि मापताना एक म्हणत नसत.
लाभ, दोन, तीन.

पहिल्या दिवशी मुद्दाम काही केलं नाही.
नेहमीसारखा हाताने तांदूळ घेतला,
डोळे खिडकीबाहेर,
मिसेस प्रॉबर्टच्या वाऱ्याने आडव्या झालेल्या कचरापेटीवर.
दोनशे सत्तर.
दुसऱ्या दिवशी दोनशे अडुसष्ट.
तिसऱ्या दिवशी जयवंत चष्मा लावून शेजारी उभे.
दोनशे एकाहत्तर.
"हात चुकत नाही हो तुझा," म्हणाले,
मग बोटांची पेरं मोजली
आणि गप्प झाले.

माणशी नव्वद.
आणि घरात आम्ही दोघं.

निषादला ॲबर्डीनला जाऊन चार वर्षं झाली.
त्याचा वाटा रोज शिजतोय.
टाकवत नाही, म्हणून
अर्धा जयवंत, अर्धा मी,
पातेल्याची खरवड माझी एकटीची.
हे माझ्या कमरेवर चढलेलं, त्यांच्या पट्ट्याबाहेर आलेलं,
सगळं त्याच्या ताटातलं.

बेथनला हे कोणत्या भाषेत सांगू?
"पोर्शन कंट्रोल," ती म्हणाली. मी मान डोलावली.

मग मात्र मोजलं. एकशे वीस, दोघांत.
मूद एवढीशी, की वरण तिच्यावर बसेना,
घसरून कोशिंबिरीत जायचं.
जयवंत तूप मागताना आवाज खाली आणायचे,
जणू बेथन फ्रिजमागे उभी आहे.
दोन महिन्यांत माझे सहा पौंड गेले.
त्यांचे दीड. ऑफिसात काय खातात ते विचारलं नाही.

नाताळात निषाद आला.
काटा मी ट्रेंच्या मागे दडवला
आणि मसालेभात केला, हात सैल सोडून.
हा ताटावर बसला, बॅगेची चेन ओढली
आणि काढला काय, तर काटा. आमच्यासारखाच, फक्त काळा.
"जिम चालू आहे, आई. शिजलेला दीडशे घाल."
जयवंत ठसका लागेपर्यंत हसले.

मी वाढला. एकशे पन्नास, काट्यावर.
तो फोनमध्ये आकडा भरत होता तेवढ्यात
वर एक डाव.
बघितलं त्याने. काट्याकडे नाही बघितलं.

आता जानेवारी. या यंत्राची एक खोड कळली आहे.
वाटी ठेवून शून्य केलं आणि मग वाटी उचलली
की ते उणे दाखवतं.
उणे तीनशे बारा.
वर काहीच नसतं, नुसती काच,
तरी दाखवत राहतं थोडा वेळ,
मग आपणहून विझतं.
तोवर मी ओट्याशी उभी असते.